फोटोमागचं पान

लेक नायेली बेपत्ता होऊन सात वर्षं झाली, तेव्हा ओतिलियानं तिच्या शोधाचं पुस्तक लिहिलं. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातला एक प्रकाशक ते फोनवर वाचायला फुकट द्यायला तयार झाला, पण मागच्या पानांत जाहिराती घालून.

"माझ्या पोरीच्या फोटोमागे जाहिराती?" ती भडकली.

"सेन्योरा, फुकट नसेल तर तुमच्या पोरीला बघणार कोण?"

तिनं होकार दिला.

पुस्तक आलं. शेवटी टाकलेला नायेलीचा फोटो तिनं डोळे भरून पाहिला आणि पुढचं पान उघडलं. 'राजधानीत हॉटेलात काम. मुलींना राहणं-जेवण मोफत.' शब्दन् शब्द हीच जाहिरात वाचून नायेली घरातून निघाली होती.

ओतिलियानं खालचा नंबर लावला. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून मायाळू आवाज आला, "बोल गं पोरी, वय काय तुझं?"