चेहरा जुळत नाही

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची आज शेवटची तारीख होती. पंडरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार यशदीपने पायलच्या तोंडासमोर पुन्हा मोबाइल धरला आणि मान हलवली. "हिचा चेहरा आधारशी जुळून नाही राहिला, काकू. त्याच्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही."

फॉर्म गेला नाही तर शिष्यवृत्ती बंद होणार, हॉस्टेल सुटणार आणि पायलला बापाच्या घरी परत जावं लागणार होतं. तिच्या आईने, मीराबाईने, पिशवीतून लेकीचं आधार कार्ड काढलं. त्यावरचा फोटो बराच वेळ पाहिला. मग कार्ड टेबलावर ठेवलं आणि मूठ वळून पायलच्या तोंडावर मारली.

पायल भिंतीवर आदळली. ओठ फुटला, पण तिने हात आडवा केला नाही. "डाव्या डोळ्यावर, आई," ती म्हणाली. "जोरानं मार."

मीराबाईने पुन्हा मारलं. आणखी मारलं. यशदीपने मध्ये पडून तिचं मनगट धरलं. "येडी झाली काय काकू? पोट्टीले काहून मारून राहिली?"

"तू आता जुळते काय पाह्य."

पायलचा डोळा सुजून मिटत आला होता. यशदीपने मोबाइल समोर धरला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

त्याने टेबलावरचं कार्ड उचललं. फोटोतल्या पायलचा डावा डोळा सुजून मिटलेला होता आणि ओठ फुटलेला होता.

रक्त पुसत पायल म्हणाली, "हा फोटो काढला तेव्हा मी घरीच राहत होती, भैया."