गुरूचा रकाना

"गुरूचं नाव तेवढं राहिलंय, अण्णा," विनीता म्हणाली. "बाकी सगळं भरलं मी."

लातूरच्या त्या शाळेत दुपारी चारनंतर संगीताचे खासगी वर्ग चालत. शाळा खोली द्यायची, शिक्षक पालकांनी निवडायचा. म्हणून दर जूनमध्ये प्रत्येक शिक्षकाची माहिती दारातल्या काचेच्या फलकावर लागे. सतारीचे सर नांदेडहून यायचे. त्यांच्या कागदावर घराणं होतं, दोन परीक्षा होत्या, कुठल्याशा मोठ्या गवयाबरोबर काढलेला फोटो होता. कीबोर्डच्या बाईंच्या कागदावर पुण्याच्या संस्थेचा शिक्का होता. पेटी शिकवणाऱ्या अमृतरावांचा कागद अजून विनीताच्या हातात होता. समोरच्या कोचिंग क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. तिच्या शब्दावरच शाळेनं गेल्या दिवाळीनंतर तिच्या वडिलांना घेतलं होतं.

अमृतरावांनी पेटीचा भाता मिटला आणि उजव्या हातानं कानाची पाळी धरली. गुरूचं नाव घेताना ते नेहमी तसंच करत.

"रेवणप्पा."

"आडनाव?"

"आडनाव कुणी इचारलं त्यांना? गिरणीवाले रेवणप्पा, असं लिही. पिठाची गिरणी."

शाळेचा कारकून भागवत कागदासाठी दारात उभा होता. तो हसला. "मास्तर, पोरगं गाण्याला पाठवायचं का दळणाला, पालक इचारतेल की."

अमृतरावही हसले. "आमचं दोनी एकाच ठिकानी व्हायचं. गिरणी चालू झाली की तिच्या आवाजात सा लावायचा. वरून जवारी टाकली की गिरणी जड व्हायची, आवाज खाली यायचा. रेवणप्पा म्हणायचे, ती उतरली तर उतरू दे, तू उतरू नको. सात वर्सं येवढंच शिकवलं त्यांनी."

"अण्णा, हे लोक कंधार-भोकरहून पोरं घेऊन इथं येतात, खोली करून राहतात. आमच्या क्लासचे तीन वर्षांचे निकाल बघितल्याशिवाय जिना चढत नाहीत. ते हे वाचतील."

"वाचू दे की."

"मग तुमच्याकडं कोण येईल?"

भागवतनं घड्याळाकडं पाहिलं.

"भूकंपाला अकरा वर्सं झाली," अमृतराव म्हणाले. "नव्या गावठाणात घरं झाली, दारादारावर पाट्या लागल्या. रेवणप्पा त्यात गेले, मागं कुणीच उरलं न्हाई. घर न्हाई तर पाटी कुठं लावनार? त्यांचं नाव कुठंच न्हाई, विनू. हितं लागलं तर लागू दे."

"मॅडम, पाचच्या आत लावायचंय," भागवत म्हणाला.

विनीतानं गुरूच्या रकान्यात लिहिलं : स्वयंशिक्षण. कागद भागवतकडं दिला. अमृतरावांनी तो मागून घेतला, चष्मा लावला आणि सगळा वाचला.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

पोरं आली. अमृतरावांनी पेटी जवळ ओढली. विनीताचा साडेचारचा क्लास होता, ती रस्ता ओलांडून गेली. संध्याकाळी दोघं चालत घरी आली. जेवताना अमृतरावांनी मिरचीच्या ठेच्याचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

पंधरा दिवसांनी शाळेनं संगीताच्या खोलीत शोकसभा घेतली. सतारीचे सर आणि कीबोर्डच्या बाई पुढं बसले होते. अमृतरावांकडं शिकणारी पोरं मागं सतरंजीवर होती. त्यांची पेटी टेबलावर ठेवून वर हार घातला होता. मुख्याध्यापिका सिंधुबाईंना अमृतरावांची फारशी माहिती नव्हती. त्यांनी फलकावरचा कागद काढून आणला होता.

"अमृतरावांना गुरू लाभला नाही," कागदाकडं पाहत त्या म्हणाल्या. "कुणी हात धरून शिकवणारं नसताना, केवळ स्वतःच्या कष्टानं त्यांनी ही विद्या मिळवली. मुलांनो, यातून आपण हेच शिकायचं."

विनीता उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाला बोलायचंय? बोला ना."

"गुरू होते," विनीता म्हणाली. "तो कागद मी भरला होता. त्यांनी नाव सांगितलं होतं, मी लिहिलं नाही."

सिंधुबाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"पिठाची गिरणी चालवायचे. भूकंपात गेले. रेवणप्पा."

मागं सतरंजीवर हालचाल झाली. विनीतानं वळून पाहिलं. अकरा पोरं होती. अकराही जणांचे उजवे हात कानाच्या पाळीला होते. काहींचे डोळे मिटलेले होते. कुणी त्यांना आता सांगितलं नव्हतं.

"बसा मॅडम," सिंधुबाई हळू आवाजात म्हणाल्या.

विनीता बसली नाही. उजव्या हातातला रुमाल तिनं डाव्या हातात घेतला. कानाची पाळी धरली.

"रेवणप्पा," ती म्हणाली.