उलटा हात

त्या सकाळीही बाबांनी फ्रिजच्या दाराला आधी उलटा हात लावून पाहिला. दार तापलंय का ते पाहिल्याशिवाय उघडायचं नाही, ही त्यांची अग्निशमन दलातली शिस्त. पण एका शाळेला लागलेली आग विझवून आल्यापासून ते घरातलं कपाटसुद्धा तसंच उघडायचे.

“बाबा, आत दूध आहे, वणवा नाही,” लेक म्हणाली.

“दुधाचा काय नेम, कधी उतू जाईल!”

दोघंही हसली. बाबांचा हात थरथरत होता. तिने तो पाहिला, पण विचारायचं नेहमीसारखंच राहून गेलं. संध्याकाळी ड्युटीवरच त्यांचं हृदय थांबलं.

पुढे एका दुपारी ती त्यांच्या खोलीत, दार आतून लोटून घेऊन, त्यांचे कपडे आवरत होती. घरात दुसरं कुणीच नव्हतं. दारावर बाहेरून काहीतरी हलकेच घासलं. बोटांची मागची बाजू सरकावी तसं ते खालून वर गेलं आणि थांबलं. दार मात्र उघडलं नाही.

तिने आतून उलटा हात टेकवला. लाकूड गार होतं. फक्त तळव्याएवढी जागा कोमट होती, आणि ती थरथरत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “खूप भीती वाटते ना तुम्हाला? मला सांगा ना. इथे आग नाही, मीच आहे.”