चुलीमागचा उंदीर

उंदीर चुलीमागं पडला होता, चारी पाय वर करून. सुमनबाईनं त्याला चिमट्यात धरलं, पदराआड लपवलं आणि परड्यातल्या उकिरड्यात पुरलं. वर शेणाची पाटी ओतली.

"काय करून राहिलीस?" मागून नवऱ्याचा, माणिकरावाचा, आवाज आला.

"काय न्हाई. केर टाकला."

माणिकरावानं चिमट्याकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "पाटलाला सांगाया पायजे."

"सांगा की! पाटील दवंडी देईल, समदं गाव माळावर झोपड्यात जाईल. अन् उद्याचं लगीन? ते काय उंदरासंगं लावू?"

माणिकरावानं पाटी उचलून आणखी शेण वर ओतलं. लेकीची, शालूची, पहिली सोयरीक ठरली आणि नवरा मुलगा विहिरीत पडून गेला. तेव्हापासून पोरगी पांढऱ्या पायाची ठरली, कुणी दारात येईना. आता सेनगावकडची मंडळी आपण होऊन आली होती. पोरगं देखणं, मागणं काही नाही. फक्त घाई फार. धरलेली तिथीही त्यांनीच अलीकडं ओढली. आमच्याकडं पाणी आटलंय, लगीन तुमच्याच दारात उरकू, म्हणाले.

गाठीचा ताप गावाला ठाऊक होता. आधी उंदीर पडतात, मग माणूस तापानं फणफणतो, जांघेत गाठ येते आणि खेळ खलास. सुमनबाईचा भाऊ असाच गेला होता. म्हणून तिनं घर सारवलं, कोपऱ्याकोपऱ्यात कडुनिंबाचा धूर केला, शालूचं अंथरूण अंगणातल्या मांडवात टाकलं. लेकीच्या जिवाशी आपण खेळतोय हे तिला कळत होतं. पण एकदा अक्षता पडल्या की लेकरू या घरातून सुटेल. मग आपणच पाटलाकडं जाऊ, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. गाड्यांत माणसं कमी आणि सामान जास्त. गोधड्या, भांडी, एका गाडीत तर चक्क जातं!

"वऱ्हाडात जातं काहून, विहीनबाई?" सुमनबाईनं हसून विचारलं.

नवरदेवाच्या आईनं, द्वारकाबाईनं, जात्यावर गोधडी ओढली. "आता शेतावरच ऱ्हानार हाओत आमी. मोकळी हवा बरी." मग हळूच म्हणाली, "तुमच्या गावात समदं बराबर हाय नं? साथबीथ?"

"छे हो!" सुमनबाई घाईनं म्हणाली. "तुमच्याकडं?"

"आमच्याकडं काय धाड भरली!"

सुटलो बाई, असं सुमनबाईला झालं. यांना काही पत्ता नाही.

दोघांनी काखेत हात घालून नवरदेवाला खाली उतरवलं. "गाडीनं अंग आंबलं त्याचं," द्वारकाबाई म्हणाली. हलगी कडाडली. नवरदेव पाटावर बसला. सुमनबाईनं पाण्याची धार धरली आणि माणिकराव जावयाचे पाय धुऊ लागला.

धुता धुता त्याचे हात थांबले. त्यानं मान वर करून बायकोकडं पाहिलं. तोंड उघडलं.

हा बाबा आता उंदराचं बोलतो की काय! सुमनबाईनं डोळे वटारले, तांब्या खाली ठेवला आणि पाय पुसायला स्वतःच पदर घेऊन वाकली.

पाय तव्यासारखे तापले होते. तिनं वर पाहिलं. नवरदेव मांड्या फाकवून बसला होता, दात आवळून, आणि त्याचा हात जांघेवर गच्च दाबलेला होता.