वर्गाबाहेर

"शाल्मली, पुन्हा खिडकीबाहेर लक्ष! जा, वर्गाबाहेर उभी राहा," भिंतीवरच्या पडद्यातल्या यांत्रिक बाई म्हणाल्या.

शाल्मली गोंधळली. तिची शाळा म्हणजे घरातली ही एक भिंत. बाई आजवर कधी चिडल्या नव्हत्या. एकच गणित न कंटाळता दहा तऱ्हांनी समजावायच्या. गणितात तर ती बापाच्याही पुढे गेली होती.

"बाबा, वर्गाबाहेर म्हणजे कुठे?"

"दाराबाहेर, जिन्यात," विश्राम म्हणाला. बाईंना ही जुनी शिक्षा त्यानेच काल शिकवली होती. खालच्या मजल्यावरच्या तबस्सुमनेही आपल्या मुलीच्या बाईंना शिकवली होती. लहानपणी विश्राम आणि तबस्सुम दोघं एकाच वर्गाबाहेर चिंचा चोखत उभी असायची.

शाल्मली तोंड पाडून बाहेर गेली. थोड्या वेळाने खालचं दार वाजलं.

"तुला पण काढलं?" जिन्यात कुणीतरी कुजबुजलं. मग दोन मुलींना हसू आवरेना.

विश्राम आतून दाराला कान लावून उभा होता.

"शिक्षा पुरे झाली. तिला आत बोलावू का?" बाईंनी विचारलं.

"नको बाई, राहू दे अजून," तो हळूच म्हणाला. "आणि उद्याही काढा बाहेर."