जावईबापूंची कढई

पुण्याचा प्रज्वल रोज रात्री सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच कढईतल्या छोले-पालकाचा फोटो टाकायचा. खाली ठरलेली ओळ: "पंधरा मिनिटांत तयार, तेल फक्त चमचाभर! आचारी मी, फोटो रूपाली."

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. तर हा नारायण बायकोला घेऊन, तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे हाणायला रिसोडला सासरी उतरला. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, त्याला पाटावर बसवायचं सोडून थेट गॅसपाशी उभं केलं. उकडलेले काबुली चणे, निवडलेला पालक, घासूनपुसून लख्ख कढई, सगळं मांडून तयार.

"जावईबापू, धोंडे उद्या. आज तुमच्या हातचं खायले सारी भावकी येऊन बसली हाय. तुमाले तं पंधराच मिनिटं लागतात!"

बैठकीतल्या सगळ्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. चुलतसासऱ्यांनी तर व्हिडिओ काढायला मोबाइलही उगारला. बायकोच्या कानाशी लागून प्रज्वल पुटपुटला, "रूपाली, आधी कांदा टाकायचा की चणे?"

रूपालीनं साऱ्या भावकीला ऐकू जाईल असा आवाज लावला.



"मले काय माईत? मी तं फक्त फोटो काढनारी!"