लुटुपुटूची लढाई

टेकडीवरच्या किल्ल्यात पर्यटकांसाठी रोज दुपारी लढाई व्हायची. थोरला भाऊ किल्लेदार, धाकटा खालच्या गावात घुसलेला समुद्री चाचा. पडक्या बुरुजावर दोघे लाकडी तलवारींनी झुंजायचे आणि शेवटी धाकटा मरायचा. थोरल्याचा हात मुळातच जड. धाकट्याच्या बरगड्या काळ्यानिळ्या व्हायच्या, लोक टाळ्या पिटायचे.

आज वहिनी त्याच्या चिलखताचे पट्टे आवळत होती, तेव्हा तिचा फुटलेला ओठ त्याला दिसला.

"पुन्हा दादा?"

"माझं सोडा हो, मला सवय झालीय. काल ह्यांनी लेकीचा हात पिरगळून मोडला."

बाहेर नगारा वाजला. तिने त्याच्या हाती तलवार दिली. ती लोखंडी होती, नुकतीच धार लावलेली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आज तुम्ही मरायचं नाही."